रुखवताची परीक्षा

माह्या पेटीतलं रुखवत आजवर एकतीस लग्नात मांडलं गेलं. त्यातलं एकही लग्न माह्या घरचं नव्हतं.

रुखवत असते पोरीकडचं, हे तुम्हाले माहीत आहे. अन् मले एकच पोरगा, वसंता. त्याच्या लग्नात रुखवत आलं ते सुनेच्या माहेरचं, चार स्टीलचे डबे अन् एक क्रोशाचा रुमाल. मी काही बोलली नाही. फक्त रुमालाची एक बाजू लांब आहे एवढं सगळ्याईले दाखवलं.

पेटी भराले लागली ती त्याच्याबी आधीपासून. प्रताप नगरात आम्ही नवीन राहाले आलो तेव्हा समोरच्या घरच्या पोरीचं लग्न निघालं. पोरगी बँकेत, सुईची अन् तिची ओळख नाही. तिची माय रडत आली, म्हणे पाहुणे विचारतील पोरीनं काय काय केलं, तं काय दाखवू. मी पंधरा दिवसात थर्माकोलचा राजवाडा उभा केला. पाहुण्याईनं पोरीची इतकी तारीफ केली की शेवटी शेवटी तिलेबी आठवाले लागलं की हा आपणच केला. मंग दुसरी आली, मंग तिसरी. काही वर्षांनी पेटीत एखादी वस्तू वाढे. लग्न झालं की पेटी वापस येई, सोबत एक ब्लाउजपीस. अन् गल्लीतली कोणतीच बाई दुसरीले विचारत नव्हती की हा राजवाडा मी कुठं तरी पाहिला काय. सगळ्याईनं पाहिला होता.

माही नात भैरवी सत्तावीसची झाली तेव्हा मी मनात म्हटलं, प्रेमलता, आता बत्तिसावं तुह्या घरचं. ही एकच संधी. भैरवीले बहीण नाही, अन् भैरवीच्या पोरीच्या लग्नापर्यंत थांबाचं म्हटलं तं मले एकशे सहा वर्षं जगा लागते. जगीन, पण थर्माकोल नाही टिकणार.

तिचं जमलं उन्मेषसोबत. दोघं मिहानमधल्या एकाच हापिसात. पोरगा चांगला आहे, कमी बोलते अन् मी बोलली की ऐकते. त्याले मी पहिल्याच दिवशी सांगितलं की माह्या लग्नाची वरात नागपूरहून कळमेश्वरले आली तेव्हा पहिली बैलगाडी आमच्या मांडवापाशी लागली होती अन् शेवटची अजून नागपुरातच जुंपून राहिले होते. त्यानं मान हलवली. भैरवी म्हणे, आजी, बावीस किलोमीटर होते ते. मी म्हटलं, लोकच तेवढे होते.

उन्मेषची आई कुसुमताई. कॉलेजात छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या. सुती साडी, हातात घड्याळ, बाकी अंगावर काही नाही. एका रविवारी अकरा वाजता त्या आमच्याकडे आल्या, साबुदाण्याची उसळ खाल्ली, चहाचा कप हाती घेतला अन् म्हणाल्या, "काकू, एक विनंती आहे. लग्न साधं करू. रुखवत वगैरे नको. ते जरा गॉडी होतं."

वसंता हो म्हणाला. मंग अजून एकदा हो म्हणाला. सूनबाई सैपाकघरात गेली. भैरवी मोबाइलात पाहून राहिली होती, पण मोबाइल बंद होता. म्हणजे तिचं अन् कुसुमताईचं आधीच बोलणं झालं होतं.

मी विचारलं, गॉडी म्हणजे काय ओ?

त्याईनं नीट सांगितलं, वर्गात सांगतात तसं. रंग जास्त, चमक जास्त, एकावर एक चढवलेलं, पाहणाऱ्याले वाटते की जरा कमी केलं असतं तं बरं झालं असतं.

"तुम्ही पाहिलं काय माहं रुखवत?" मी म्हटलं.

"नाही."

"मंग पेपर न वाचता मार्क दिले."

त्याईनं कप खाली ठेवला. हे त्याईले लागलं. छत्तीस वर्षात त्याईनं एकही पेपर न वाचता तपासला नसेल, हे त्याईच्या बसण्यावरूनच दिसत होतं. मंग म्हणाल्या की बरोबर आहे, पाहायला हवं. अन् गॉडी हा एकच शब्द सगळ्याले लावणं बरोबर नाही, असे सात-आठ शब्द आहेत, प्रत्येकाचा अर्थ जरा जरा वेगळा.

मी म्हटलं, असं करू. पुढच्या रविवारी तुम्ही या, तुमचे शब्द घेऊन या. मी पेटी उघडते. एकेक वस्तू काढते. ज्या वस्तूले तुमचा शब्द नीट बसला ती वापस पेटीत. ज्या वस्तूले एकही शब्द बसला नाही ती लग्नात टेबलावर. अन् नुसतं वाईट दिसते म्हटलेलं चालणार नाही.

"मान्य," कुसुमताई म्हणाल्या. वसंता तिसऱ्यांदा हो म्हणाला, त्याले कोणी विचारलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी राजवाड्याले नवीन लाइटची माळ लावली, पेटीतल्या हंसाले नीळ लावून पांढरा केला अन् टबातल्या विहिरीचा पंप तेल देऊन ठेवला. भैरवी माह्यापाशी येऊन बसली. म्हणे, आजी, मले त्याईच्या घरी जाऊन राहाचं आहे, पहिल्याच दिवशी माहं हसू नको करू. मी म्हटलं, बाई, तुले तिथं राहाचं आहे अन् मले इथं, या पेटीसोबत. तं ती उठून गेली. पोट्टी चिडली की तिच्या आज्यासारखी पाय आपटत चालते.

मी तयारी केली होती ती वस्तूची कमी अन् गोष्टीची जास्त. एकेका वस्तूले एकेक गोष्ट. गोष्ट चांगली असली की माणूस वस्तूकडे पाहत नाही, हे मी एकतीस लग्नात पाहिलं होतं.

रविवारी कुसुमताई आल्या. वहीत शब्द लिहून आणले होते, एकाखाली एक, पुढं मराठीत अर्थ. निळा पेन. भैरवीले त्याईनं मोबाइल घेऊन बाजूले बसवलं, म्हणे माझं चुकलं तर डिक्शनरीत बघून सांग. उन्मेषले आणलं नव्हतं. त्याले हे पाहाची हिंमत झाली नसन.

पहिले राजवाडा. दिवाणावर ठेवला, बटन दाबलं. लाल, हिरवी, निळी माळ फिरून राहिली. कुसुमताईनं चष्मा काढला, पुसला, वापस लावला.

"हा गॅरिश आहे," त्या म्हणाल्या. गॉडीमध्ये रंग जास्त असतो, पण गॅरिशमध्ये तो डोळ्याले टोचते, मान फिरवा लागते. अन् त्याईनं मान फिरवली.

मी माही गोष्ट काढली. म्हटलं, हा साधा राजवाडा नाही. याच्यात सतरा हजार तुकडे आहेत, मोजलेले. खऱ्या राजाच्या घरच्या माणसानं नकाशा आणून दिला होता. याचे लाइट लागले की खापरखेड्याच्या वीजकेंद्रात एक संच जादा चालू करा लागते, तिथून एका इंजिनीयरचा फोन आला होता, की बाई, आधी सांगत जा.

कुसुमताईनं सगळं ऐकून घेतलं. वहीतला शब्द खोडला अन् दुसरा लिहिला. "मग हा ऑस्टेंटेशस."

तो काय आता?

आपण किती मोठे, किती खर्च केला, ते दुसऱ्याले कळावं म्हणून केलेलं. वस्तू वाईटच असा लागते असं नाही, पण मिरवते. त्या म्हणाल्या, "गोष्टीआधी गॅरिश होता, काकू. गोष्टीनंतर वाढला."

भैरवी खाली पाहून राहिली होती. मले वाटलं रडते, पण हसून राहिली होती.

मंग मी विहीर काढली. प्लास्टिकच्या टबातली, वर कापसाचा बैल, आत पंप, बटन दाबलं की मोटेतून पाणी पडते. दाबलं. पाणी पडलं, झुळझुळ झालं. कुसुमताई म्हणाल्या, फ्लॅशी, म्हणजे एक क्षण डोळा ओढून घेते अन् मंग त्यात काही नसते. मी म्हटलं, काहून, पाणी आहे ना. त्याईनं लिहाले पेन टेकवला तेव्हा पंप चालू होता, शब्द लिहून झाला तेव्हा बंद पडला होता. मी बटन अजून दोनदा दाबलं. या वस्तूवर मी वाद नाही घातला.

जिलेटिनच्या कागदातल्या लाडूचा मनोरा गॉडी निघाला, तोबी मी सोडून दिला. त्याचे कागद मी दुकानात उरलेले आणले होते, रंग निवडले नव्हते.

सुपारीचे बँडवाले काढले. बारा जण, सोनेरी कागदाचे कपडे, एकाच्या हातात ढोल. सोनेरी कागद जागोजागी निघाला होता अन् आतून पेपर दिसत होता, त्यावर कोण्या मलमाची जाहिरात. कुसुमताई म्हणाल्या, टॉड्री. स्वस्त माल महागाचं सोंग घेते, अन् सोंग जुनं होऊन फाटते, तेव्हा हा शब्द. इंग्लंडात म्हणे कोण्या एका साध्वीच्या नावानं जत्रा भरे, तिथं विकाले येणाऱ्या लेसवरून आला. जत्रेतली लेस म्हटल्यावर मले बरं वाटलं. मी विचारलं, टिकत होती काय ती लेस? त्या म्हणाल्या, नाही. मी म्हटलं, माहे बँडवाले सव्वीस वर्षं वाजवून राहिले. त्याईनं ते ऐकलं, पण शब्द नाही बदलला.

आता हंस. हा माहा हुकमाचा. कापसाचा, अंगभर टिकल्या, मान अशी वळलेली की आपल्याकडेच पाहते. मी म्हटलं, ही मात्र भैरवीच्या हातची वस्तू. बारावीत तिले टायफॉइड झाला, एकवीस दिवस बिछान्यात होती, अन् ताप चढला की एकेक टिकली लावे.

"आजी," भैरवी म्हणे, "मले टायफॉइड झालाच नाही."

"ताप होता तुले, तुले काय आठवते."

कुसुमताई हंसाच्या जवळ गेल्या, त्याची चोच पाहिली. म्हणाल्या, "हा मी तीनदा पाहिला आहे. एकदा तुमच्या शेजारच्या आनंदरावांच्या मुलीच्या लग्नात. एकदा कळमेश्वरला, एमआयडीसीजवळच्या लॉनवर. आणि माझी विद्यार्थिनी होती, उन्नती, तुमच्याच गल्लीतली, तिच्या लग्नात. तिनं मला डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं की सहा महिने लागले."

मी म्हटलं, हंसच आहे, फिरतो.

त्याईनं वहीत पाहिलं, अन् शब्द वाचला नाही, बोटानं दाखवला. मेरेट्रिशस. म्हणे वरून मोहात पाडते, आत खोटं असते. मी विचारलं, मंग हळू काहून बोलता? त्या म्हणाल्या, मूळ अर्थ जरा वेगळा आहे. भैरवीनं मोबाइलात काढला अन् वाचता वाचता थांबली. मी म्हटलं, वाच वं. तिनं वाचलं, की जुन्या भाषेत हा शब्द धंदा करणाऱ्या बाईवरून आला.

आम्ही तिघी जणी हंसाकडे पाहत बसलो. घरोघरी फिरला, हे खरं होतं. मी त्याले उचलून साडीत गुंडाळून ठेवलं.

आता उरलं होतं नारळाचं डोकं. नारळाले मिशा, चष्मा अन् टोपी लावून मी सासरेबुवा केले होते, पाहुण्यात हे पाहून हमखास हशा होई. पण माह्या ध्यानात आलं होतं की मोठ्या गोष्टीनं काम बिघडून राहिलं आहे. म्हणून मी आवाज बारीक केला. म्हटलं, कुसुमताई, हे भैरवीचे आजोबा आहेत. ते गेले त्या वर्षी केलं. त्याईचे डोळे, त्याईच्या मिशा. लग्नात तेबी असावे एवढंच वाटते. अन् पदर डोळ्याले लावला. मले खरंच थोडं पाणी आलं, मी स्वतःच्या गोष्टीवर लवकर रडते.

भैरवीनं भिंतीकडे पाहिलं. तिथं तिच्या आज्याचा फोटो लागलेला आहे. त्याले मिशा नाहीत, कधीच नव्हत्या.

कुसुमताई हळू आवाजात म्हणाल्या की याला किच म्हणतात, जर्मन शब्द आहे. जे तुम्हाले हुकूम देते, आता रड, आता गहिवर, ते. त्यात खोटे दागिने नसतात, खोटं रडणं असते.

मी पदर खाली घेतला.

झालं. पेटी खाली झाली, वही भरली. मी म्हटलं, ठीक आहे, बोली ती बोली. अन् वस्तू वापस भराले लागली. मले बोलाले काही सुचत नव्हतं, हे वसंतानं आतून ऐकलं अन् घाबरून बाहेर आला, म्हणे आई, तब्येत बरी आहे ना. मी म्हटलं, तू जा गा.

कुसुमताईनं मदतीले हात लावला. जुन्या साड्या झटकून नीट घड्या घालून राहिल्या होत्या. बाई कामाची पक्की आहे. पेटीच्या तळाशी हात घातला अन् म्हणाल्या, हे काय?

ती पाटी होती. टेबलावर पुढं ठेवाची. पुठ्ठ्यावर मी रंगानं लिहिलं होतं, चि. सौ. कां., मंग नावापुरती जागा, मंग हिच्या हातचे रुखवत. दर लग्नात नवं नाव येई. पुठ्ठा दरवेळी कोण नवा करते, म्हणून मी जुन्या नावावर नवी चिठ्ठी चिकटवत गेली. एकावर एक, एकतीस. नावाच्या जागी आता विटेएवढी जाडी झाली होती.

या वस्तूसाठी मी गोष्ट तयारच केली नव्हती. ती वस्तू आहे असंच कधी वाटलं नव्हतं.

त्याईनं पाटी मांडीवर घेतली. वरच्या चिठ्ठीचा कोपरा नखानं उचलला. खाली दुसरं नाव, त्याच्याखाली तिसरं. कुठं गुलाबी कागद, कुठं वहीचा, कुठं कॅलेंडरची पाठ. उन्नतीचं नाव लागलं, ते त्याईनं वाचलं अन् कोपरा वापस दाबून ठेवला.

"अक्षर सगळं तुमचं," त्या म्हणाल्या.

"हाव."

"सगळ्यांत खाली कोण आहे?"

"समोरच्या घरची. बँकेतली."

"तिच्या खाली?"

"पुठ्ठा."

त्याईनं वही उघडली. शब्द वरून खालपर्यंत वाचत गेल्या, एकेकापाशी थांबत. गॉडी नाही, रंगच उडाला आहे. गॅरिश नाही. टॉड्री म्हणावं तं याच्यात सोंग कुठं आहे, पुठ्ठा पुठ्ठाच दिसतो. ऑस्टेंटेशसपाशी जास्त वेळ थांबल्या. भैरवीले विचारलं, तुला काय वाटतं? भैरवी म्हणे, याच्यात खोटं तं आहे, मॅडम. कुसुमताई म्हणाल्या, खोटं आहे, एकतीस वेळा आहे. पण हे सगळे शब्द दाखवण्याचे आहेत. इथं सगळं झाकलेलंच आहे, एकीनं दुसरीला झाकलंय. त्याईनं पेनाचं टोपण लावलं. "याला माझ्याकडे शब्द नाही."

मी म्हटलं, नसला तं नसला. पाटी एकटी घेऊन काय करू? टेबलावर सामान नाही अन् पाटी.

"ठरलं होतं, काकू. शब्द नाही त्या वस्तूला टेबल." अन् म्हणाल्या, एक मात्र आहे, माझ्या मुलाच्या लग्नात पाटी खरी पाहिजे. भैरवी, तू काय केलंयस?

"काहीच नाही," भैरवी म्हणे.

तेव्हा त्याईनं वहीचं पान फाडलं, पट्टी लावून चिठ्ठी कापली अन् निळ्या पेनानं लिहिलं, श्रीमती प्रेमलता यांच्या हातचे. चि. सौ. कां. वर दुसरी पट्टी आली, 'हिच्या हातचे'वर तिसरी. मले म्हणाल्या, डिंक आहे का? मी म्हटलं, आटला. आटला नव्हता. भैरवीनं कपाटातून काढून दिला.

चिठ्ठी चिकटली. माहं नाव मी दुसऱ्याच्या अक्षरात पहिल्यांदा पाहिलं, रेशन कार्ड सोडून.

पण मले झोप लागेना, हे सांगते. त्रेचाळीस वर्षं माह्या हातच्या वस्तूवर दुसऱ्याईची नावं, अन् आता माहं नाव, तं वस्तूच नाही. लोक म्हणतील, म्हातारीनं नातीच्या लग्नात रिकामं टेबल मांडलं. त्यात दुसऱ्याच दिवशी उन्नती आली. गल्लीत गोष्ट जायले किती वेळ लागते. चार वर्षांखाली लग्न झालेली पोरगी, पण चेहरा असा की जसं उद्याच लग्न आहे. म्हणे, आजी, माही सासू येणार आहे लग्नाले. मी त्याईले सहा महिन्याची गोष्ट सांगितली आहे, अजूनबी पाहुणे आले की त्या माह्याकडून सांगवतात. तुमचं नाव पाहिलं की त्याईले समजन. माही चिठ्ठी काढून टाका.

मी म्हटलं, वरची फाडली तं खालची फाटते. अन् तुही चिठ्ठी काढून काय होते, माहं नाव तं वरच राहीन.

"मंग सामानच मांडा ना आजी, जुन्यासारखं. नाव भैरवीचं लावा. भैरवी काही नाही म्हणणार."

मले तेच पाहिजे होतं, अन् आता दुसऱ्याच्या भल्यासाठी करतो असं सांगता येत होतं. लग्नाच्या सकाळी मी वसंताले सांगितलं, पेटी गाडीच्या डिक्कीत ठेव. त्यानं माह्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लागलीच तं. भैरवीच्या नावाची चिठ्ठीबी मी पर्समध्ये ठेवली होती, माह्या अक्षरातली.

रिंग रोडवरच्या कार्यालयात टेबल मिळालं चांगलं, दहा फुटाचं, पांढरी चादर. त्यावर पाटी. बाकी चादर.

मुहूर्त झाला, अक्षता पडल्या. बाया टेबलापाशी येत, वाचत अन् विचारत, सामान यायचं आहे काय अजून? मी म्हणे, रस्त्यात आहे. एकीले सांगितलं, राजवाडा दारातून जात नाही, दार काढाले माणूस गेला आहे. ती जेवाले गेली. दुसरीले काय सांगू याचा विचार करत होती तेवढ्यात उन्नती आली, सासूले घेऊन. सासू पुढं, उन्नती मागं, अन् मागून मले डोळ्यानं विचारून राहिली होती की काय केलं हे.

मी पर्स उघडली होती. एक मिनिट आधी ती चिठ्ठी लावली असती तं झालं असतं.

सासूनं पाटी वाचली. मंग बाजूनं पाहिली, जाडी पाहिली. चिठ्ठ्याईची किनार दिसते, रंगारंगाची. मंग वळून उन्नतीकडे पाहिलं. उन्नतीच्या हातात आइस्क्रीम होतं, ते वाकडं होऊन राहिलं होतं.

"आई," ती म्हणे, "माह्या लग्नातलं रुखवत मी नव्हतं केलं. आजीनं केलं होतं."

"मले माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"कोण सांगते," सासू म्हणे. "माह्याबी लग्नात हेच होतं. माह्या मावशीनं प्रताप नगरातून टेम्पोत आणलं होतं. तुह्या लग्नात मांडवात आली अन् राजवाडा पाहिला, तं मले वाटलं माह्या सासरचे लोक आता ओळखतील, माही फजिती होईन. चार वर्षं मी तुह्याकडून ती गोष्ट यासाठीच सांगवते, की माह्याकडे कोणी पाहू नये."

मी तिच्याकडे नीट पाहिलं. मले ती आठवेना. मी पोरी पाहत नव्हती कधी, पेटी वापस आली की वस्तू मोजत होती.

"कोणतं साल?" मी विचारलं.

तिनं सांगितलं.

"मंग तू नववी का दहावी. पिवळा कागद असन, तेव्हा माह्याकडे पिवळाच होता."

तिनं किनारीत पिवळा शोधला. सापडला, पण खूप खाली. वरच्या उचलल्याशिवाय दिसत नव्हता. उन्नतीनं आइस्क्रीम टेबलावर ठेवलं अन् स्वतःची चिठ्ठी धरून ठेवली, सासू खाली वाकून वाचाले लागली. तेवढ्यात आनंदरावची पोरगी आली, म्हणे काय शोधून राहिल्या. तिले सांगितलं तं तिनं आधी मागं पाहिलं, तिच्या सासरचं कोणी आहे काय, अन् मंग म्हणे, माही कितवी? मंग अजून तिघी आल्या. एकीनं केसातली पिन काढून दिली, चिठ्ठी फाटू नये म्हणून. समोरच्या घरची, बँकेतली, ती तं आता रिटायर झाली आहे, गुडघे दुखतात, तिले खुर्ची आणून दिली, म्हटलं तू बस, तुह्यापर्यंत जायले वेळ आहे. कुसुमताई विहीणबाई म्हणून स्टेजवर असाले पाहिजे होत्या. त्या माह्या बाजूले उभ्या होत्या, चष्मा लावून, अन् एकेक नाव लागलं की मोठ्यानं वाचून राहिल्या होत्या.

वसंता घामेघूम होऊन आला. म्हणे, आई, स्टेजवर फोटोले थांबले सगळे, अन् लोक विचारून राहिले की टेबलावर काहीच काहून नाही. पेटी आणू काय गाडीतून?

मी टेबलाकडे पाहिलं. मले तं पाटीबी दिसत नव्हती, इतक्या बाया होत्या.

"नको गा," मी म्हटलं. "इथं जागा कुठं आहे."